हजाराची मोड

शार्दूलनं राजवाड्यासमोरच्या एका गच्चीवरून
रंगपंचमीची गेर टिपली, नव्या फोननं,
आणि बंगळूरला परतताना पेनड्राइव्ह फ्रिजवर ठेवून गेला.
आम्ही लावली.
तोफेतून सुटलेला गुलाल चौथ्या मजल्यापर्यंत चढला
आणि खाली आला तो राख होऊन.
टँकर राखाडी, ढोलवाले राखाडी,
सगळं जिरावन न घातलेल्या पोह्यांसारखं.
कुमुदिनी म्हणाली,
"अहो, रंगपंचमी लावली होती ना तुम्ही?
ही तर धुळवड चालून राहिलीय."

जेल रोडवरचा पोरगा म्हणाला, भिया, टीवी ही बदल लो.
नाही बदलला.
चौतीस वर्षं कॅशच्या पिंजऱ्यात बसलेला माणूस
नोट खोटी आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून घेत नाही.
उजेडाशी धरून बघतो.

तर बघितलं.
प्लेअरच्या पोटात, सेटिंगच्या आतल्या सेटिंगमध्ये
एक ओळ: एचडीआर, आधार नाही.
हसूच आलं.
आधार नाही म्हणून पेन्शन अडलेली पाहिली होती,
गुलाल अडलेला पहिल्यांदाच.

मग कळत गेलं, रात्री दोनपर्यंत, चष्मा पुसत पुसत.
फोननं उन्हाकडून हजाराची नोट घेतली होती.
आमच्या टीव्हीच्या गल्ल्यात मोजून तीनशे.
फायलीसोबत चिठ्ठीही होती,
सगळ्यात लख्ख जागा किती लख्ख,
सगळ्यात काळी किती काळी.
प्लेअरला ती वाचता येत नव्हती,
म्हणून तो प्रत्येकाच्या हातावर सारखंच काहीतरी टेकवत होता,
पहिल्या दिवशीच्या कॅशियरसारखा,
मान वर न करता.

कुठल्या गावची कोण मंडळी,
पगार नाही, दारावर पाटी नाही,
आपापली नोकरी उरकून रात्री हा प्लेअर दुरुस्त करत बसतात.
बुधवारी नवी आवृत्ती आली.
बदलांच्या यादीत एकोणिसाव्या ओळीवर आमचं काम.
उतरवायला पाऊण तास,
मधे एकदा लाइट गेली.

आता तो मोड देतो.
सावलीला पै न् पै,
चेहऱ्यांना जवळजवळ पूर्ण,
आणि तूट काय येईल ती उन्हाच्या नावावर.
उन्हाला काय,
ते काही पासबुक घेऊन खिडकीशी येत नाही.

गुलाल गुलाल झाला.
हिरवा असा ओला की हात पुसावासा वाटला.
आणि एका बंद शटरच्या सावलीत
एक चहावाला निघाला, कोरडा ठणठणीत,
किटलीला पॉलिथिन गुंडाळून उभा.
त्या राखेत तो नव्हताच.
शार्दूल कुठेच नाही,
फक्त त्याचं हसणं, कॅमेऱ्याच्या अलीकडून.

सगळं जमलंय असं नाही.
मेहुण्यानं दिलेला सिनेमा निराळ्याच साच्यातला,
त्यात न्यायाधीश हिरवे आणि आरोपी जांभळा.
गेरमध्ये खपून गेलं असतं,
कोर्टात कसं खपेल?

कुमुदिनी गप्पच होती.
गेल्या महिन्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला,
डावा राहिलाय.
तिनं तळहातानं डावा झाकला,
मग उजवा,
मग पुन्हा डावा.
"ह्या डोळ्यानं गुलाबी," म्हणाली, "ह्यानं विटकरी.
तुमच्या त्या चिठ्ठीत काय लिहिलंय?"

मी चिठ्ठी उघडली. आकडेच होते.
एक हजार.
शून्य पूर्णांक, मग शून्य, शून्य, पाच.
वाचून दाखवले, दोनदा.

"असू दे," ती म्हणाली. "पुन्हा लावा.
त्या चहावाल्यापासून."